हेरवाडचा ठराव वाया गेलेला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एका गृहस्थांनी लिहिले होते की, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करायच्या हेरवाडच्या ठरावाचा एवढा गाजावाजा झाला, पण पुढे काय? गावोगावी ठराव झाले, पेपरात फोटो आले आणि बायकांच्या बांगड्या फुटायच्या त्या फुटतच राहिल्या. एकट्यादुकट्याच्या धडपडीने समाज बदलत नसतो, असे त्यांनी शेवटी म्हटले होते. ते पत्र मी कापून ठेवले आहे. त्यांची तळमळ मला कळते, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण मी कासारीण आहे. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपुरात माझे घर आहे आणि शिरोळ तालुक्यातल्या बाजारांत बांगड्या भरण्यात माझा जन्म गेला. माझ्या आधी सासूबाई डोक्यावर टोपली घेऊन याच गावांतून फिरायच्या.

बांगड्या भरणाऱ्या बाईला माणसे तोंडापेक्षा हातावरून जास्त लक्षात राहतात. कुणाचा हात दोन-चारचा, कुणाचा दोन-सहाचा. कुणाचे अंगठ्याचे हाड रुंद, कुणाची करंगळी खुरपे लागून वाकडी झालेली. आमचा भाग उसाचा आणि भाजीपाल्याचा. राबून राबून हात कडक होतात. मग अंगठा आत दुमडून, तळवा दाबत, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून एकेक बांगडी चढवावी लागते. लग्नात ज्या हातात मी चुडा भरला, त्याच हातात पुढे डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरल्या, नागपंचमीला भरल्या, संक्रांतीला भरल्या. आणि मग एखाद्या वर्षी ती बाई येईनाशी होते. बाजारात दिसते. कोथिंबीर घेते, पोरांना चपला घेते. माझ्यासमोरून जाताना मात्र हात पदराखाली घेऊन पलीकडच्या कडेने जाते. काय झाले ते कुणी सांगावे लागत नाही.

आमच्याकडे अजून कुठे प्रेत उचलण्याआधी, कुठे दहाव्याला नदीवर हा प्रकार होतो. कपाळ पुसतात, मंगळसूत्र काढतात, जोडवी ओढून काढतात, मनगटावर मनगट आपटून काच फोडतात. काच रुतते, रक्त येते. हे सगळे पुरुष करत नाहीत. घरातल्या, भावकीतल्या बायकाच करतात, आणि बहुतेक वेळा जिच्या स्वतःच्या बांगड्या कधीकाळी अशाच फुटल्या अशी एखादी म्हातारी पुढे होते. करणारीही रडत असते. त्यांच्यात दुष्ट कुणी नसते, हे मी ठामपणे सांगते, कारण त्या सगळ्या माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांतल्या एकेकीला नंतर बाजूला घेऊन विचारले तर ती म्हणते, "मला तरी कुठं बघवत हुतं? पण लोकं काय म्हणतील?" मी दुसरीला विचारते, तिसरीला विचारते. प्रत्येकीचे उत्तर तेच. मग ही 'लोकं' राहतात तरी कुठे? तिथे जमलेल्या प्रत्येकीला वाटत असते की आपल्याला नको असले तरी बाकीच्यांना हे हवे आहे. म्हणून कुणीच बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून ते खरेच सगळ्यांना हवे आहे असे दिसते. आपल्या त्या पत्रलेखकांना मला हेच सांगायचे आहे. अशा ठिकाणी एकट्या माणसाच्या बोलण्याला मोल असते, कारण तो बोलला की बाकीच्यांना कळते, आपण एकटे नव्हतो.

आमच्याच गल्लीत एका घरी कर्ता मुलगा गेला. ट्रॅक्टर उलटून. बायको तिशीच्या आत-बाहेरची, पदरात दोन पोरे. बायका तिच्याभोवती बसल्या होत्या, आणि भावकीतल्या एक आजी उठून पुढे झाल्या. तेवढ्यात मयताचा धाकटा भाऊ माजघरात आला. बाप्या माणसाने त्या वेळी आत येण्याची रीत नाही. तो दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनीच्या हाताला कुणी हात लावायचा नाही. हेरवाडनं ठराव केलाय, सरकारनं कागद काढलाय. आमच्या घरात हे होणार नाही." मी तिथे होते. क्षणभर सगळे गप्प. मग त्याच आजी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, तू बोललास. माझा हात कुठं उचलत हुता?" एकीनेही वाद घातला नाही. बाहेर पुरुषांत थोडी कुजबुज झाली म्हणतात. पण त्या पोरीचे हात शाबूत राहिले.

आता या प्रसंगात ठरावाने काय केले ते पाहा. ठराव काही तिथे चालत आला नव्हता. पोलीस नव्हता, ग्रामसेवक नव्हता. एका बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या तोंडात त्याने एक वाक्य दिले. 'मला हे आवडत नाही' असे म्हणायला त्याला जड गेले असते. 'शेजारच्या गावाने बंद केले' असे म्हणायला बळ आले. ठरावाचा उपयोग मी यात मोजते.

आणि मुळात तो ठराव आला कुठून? करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे हे सामाजिक कार्यकर्ते. कोरोनाच्या काळात त्यांचे एक सहकारी हृदयविकाराने गेले. अंत्यविधीच्या वेळी त्या सहकाऱ्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले, जोडवी काढली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. असे आपण सगळ्यांनीच पाहिलेले असते. ते घरी गेले आणि त्यांनी शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून दिले की, माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर या प्रथेची सक्ती करू नये. एका माणसाचा एक कागद. तो हातात घेऊन ते लोकांशी बोलत राहिले, ग्रामपंचायतींना विनंती करत राहिले. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडने ते ऐकले. सरपंच सुरगोंडा पाटील होते. ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव झाला. दोनच दिवसांनी, ६ मे रोजी, राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षे पूर्ण होत होती. ठराव मांडणारी बाई होती आणि अनुमोदन देणारीही बाईच होती, याचा मला विशेष अभिमान आहे. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने तसाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे १९२० च्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका मांडवात बसले होते. आणि १७ मे २०२२ ला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. ज्यांना हे हळू वाटते त्यांनी तारखा पाहाव्यात. ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत दोन आठवडे लागले नाहीत. वेळ लागला तो त्याच्या आधी, आणि वेळ लागतो आहे तो त्याच्या नंतर, घराघरांत.

आम्हा कोल्हापूरकरांना शाहू महाराजांचे नाव घ्यायची सवय आहे. पण त्यांनी स्वतःच्या घरात काय केले ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, शिकारीत गेला. सून इंदुमतीदेवी अगदी लहान होती. तिला कोपऱ्यात बसवून ठेवणे राजघराण्याला सहज शोभून गेले असते. महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवले. घरातून विरोध होता, तरी शिकवले. त्याच इंदुमती राणीसाहेबांनी पुढे कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम केले. कायदा करणे राजाला सोपे असेल. आपल्याच घरातल्या बायकांसमोर उभे राहून 'ही शिकणार' म्हणताना राजाही एकटाच असतो.

आणखी एक गोष्ट मला माझ्या धंद्यामुळे जवळची वाटते. विधवांचे केशवपन होत असे त्या काळची. वस्तरा कुणाच्या हातात असायचा? नाभिकाच्या. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. त्या नाभिकांकडे ना राज्य होते ना शाळा. त्यांच्याकडे वस्तरा होता आणि 'नाही' म्हणण्याची सोय होती. त्या एका सभेने केशवपन संपले असे मी म्हणत नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तर त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले होते. पण कुठलीही रूढी शेवटी कुणाच्या तरी हातांनी पार पडते, आणि त्या हातांनी माघार घेतली की रूढी अडते.

माझ्या हातात काय आहे? बांगडी आहे. म्हणून मी माझ्यापुरता एक नेम ठेवला आहे, आणि तो हेरवाडच्या आधीपासूनचा आहे, सासूबाईंकडून आलेला. जी हात पुढे करील तिला भरायच्या. काही विचारायचे नाही. तोंडाकडे, गळ्याकडे पाहायचे नाही. आमच्या शेजारी बसणारे मणेर चाचाही तसेच करत आले. लग्नघरी चुडा भरायला गेले की नवरीनंतर आई, चुलत्या, मावश्या, करवल्या ओळीने बसतात, आणि एखादी आत्या किंवा थोरली बहीण दाराआड उभी राहून नुसती बघत असते. मी तिला हाक मारते, "आत्याबाई, या, हात द्या." कधी ती डोळे पुसत येते. कधी मानेनेच नको म्हणते, तेव्हा मी पुन्हा बोलवत नाही. कधी घरातले कुणीतरी मलाच गप्प करते. एका मोठ्या घराने तेवढ्यावरून पुढच्या लग्नाला दुसरी कासारीण बोलावली. माझे थोडे नुकसान झाले, त्याचे मला काही वाटत नाही. त्याच घरातली आत्या नंतर एकटी बाजारात आली, आणि मी तिला जांभळ्या, सोनेरी ठिपक्यांच्या भरल्या. तिलाच त्या आवडल्या होत्या.

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट सांगते, कारण तीच सांगण्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. कुरुंदवाडच्या बाजारात एक म्हातारी बाई एका तरण्या बाईला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीचे कपाळ आणि हात मोकळे, वर्षानुवर्षांचे. मला म्हणाली, "काकी, ही माझी सून. माझा ल्योक गेला पावसाळ्यात. हिला हिरव्या भरा." माझ्यापुढे पाच-सहा बायका बसलेल्या होत्या. कुणी काही बोलले नाही. सून खाली मान घालून उभी. मग बसलेल्यांपैकी एक, मला अनोळखी, सरकली आणि आपल्या शेजारी तिला जागा करून दिली. मी भरायला घेतल्या. दोन-चारचा हात, मऊ, पटकन चढल्या. भरता भरता मी म्हातारीला म्हटले, "आक्का, तुमचाही द्या हात." ती हसली आणि म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. मला आता सवय ऱ्हायली न्हाई. हिचं वय हाय." तिला नको होत्या, मी आग्रह केला नाही. बांगडी घालायचीच अशी सक्ती झाली तर तीही सक्तीच. ज्या बाईला आपल्या दुःखात साधे राहायचे आहे तिला राहू द्यावे. फक्त ते तिने ठरवावे, भावकीने नव्हे.

त्या म्हातारीने कुठल्या सभेत भाषण केले नाही. तिला परिपत्रकाची तारीख माहीत असण्याचे कारण नाही. पण तिने भर बाजारात, संक्रांतीच्या गर्दीत, सगळ्यांसमोर सुनेला आणले. घरीही नेऊन भरता आल्या असत्या. मी गेले असते. तिने बाजार निवडला. त्या पाच-सहा बायका आपापल्या गावी गेल्या असतील आणि चुलीपुढे त्यांनी हे सांगितले असेलच. त्यांच्यातली एखादी पुढे कुणाच्या तरी दारात उभी राहील तेव्हा तिला ही म्हातारी आठवेल. पत्रलेखक विचारतात तसा याचा आकडा मला देता येणार नाही. पण मी माझ्या जागेवरून बघते आहे. पूर्वी पलीकडच्या कडेने जाणाऱ्यांपैकी काही जणी आता अलीकडून जातात. काही जणी थांबतात. काही जणी हात पुढे करतात. सगळ्या नाहीत, निम्म्याही नाहीत.

म्हणून पत्रलेखकांचे अर्धे म्हणणे खरे आहे. परिपत्रक हा कायदा नव्हे, ते मोडल्याबद्दल शिक्षा नाही. पुष्कळ गावांनी ठराव केला आणि कपाटात ठेवला. ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतींना माझे सांगणे आहे की, गावात मयत झाली की पंचायतीतल्या बाई सदस्यांनी त्याच दिवशी, उशीर न करता त्या घरी जावे आणि माजघरात बसावे. नुसते बसले तरी पुरते. दहाव्याला जाऊन उपयोग नाही. आणि बांगडी वाचली म्हणजे काम झाले असेही नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव वेळेवर लागले का, घराच्या उताऱ्यावर लागले का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून द्यायला कुणी गेले का, हेही त्याच लोकांनी पाहावे. हातात बांगड्या असलेली पण जमिनीवर नाव नसलेली बाई दिराच्या मर्जीवरच जगते. मी अशा ओळखते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते. आपल्या वाचक भगिनींनी यंदा शेजारच्या, नात्यातल्या त्या एका बाईला बोलवावे. 'तुम्हीही या' असे दारातून सांगू नये, तिच्या घरी जाऊन आमंत्रण द्यावे. ती पहिल्या वर्षी येणार नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा जावे.

आणि पुरुष वाचकांना एक विनंती. झिंजाडे यांनी केले ते प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे. वेळ येते तेव्हा बाई स्वतःसाठी बोलूच शकत नाही, तिची दातखीळ बसलेली असते. तिच्या बाजूने गेलेल्या माणसाचा शब्द असला तर भावकी त्याला मान देते, कारण मयताची इच्छा मोडायला आपल्याकडे माणसे भितात. आमच्या घरच्यांनी साध्या कागदावर लिहून ठेवले आहे. रेशन कार्डाच्या पिशवीत तो कागद आहे. दोन्ही मुले आणि सुना जेवायला एकत्र बसलेल्या असताना त्यांनी तो वाचून दाखवला. धाकटी सून उठून आत गेली, तिला असले अभद्र ऐकवेना. पण ऐकले सगळ्यांनी, आणि थोरल्या मुलाने दुसऱ्या दिवशी स्वतःचा लिहिला.

संपादक महाशय, आपल्याकडे एक मागणे आहे. अशा कागदाचा चार-पाच ओळींचा सोपा मजकूर आपण एखाद्या दिवशी चौकटीत छापावा, म्हणजे ज्यांना लिहायला सुचत नाही त्यांना तो कापून, खाली सही करून ठेवता येईल. स्टँप पेपरच पाहिजे असे नाही. आणि आपण निधनवार्ता छापता त्यात, ज्या घराने ही प्रथा पाळली नाही आणि ज्यांना ते सांगायचे आहे, त्यांच्यासाठी एक ओळ जास्तीची द्यावी. आमच्याकडे सकाळी पेपर आला की बायका आधी तेच पान उघडतात.

आपली नम्र,
एक कासारीण, जयसिंगपूर, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
(गिऱ्हाइकांच्या घरच्या गोष्टी लिहिल्या असल्याने कृपया माझे नाव छापू नये.)